मातीला चुना लावण्यापूर्वी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला जेव्हा सांगितले की यंदा तुम्ही परसबागेवर दोन शब्द बोला, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आपल्यात शिकलेल्या, नोकरी केलेल्या भगिनी आहेत. त्यांच्यासमोर मी काय बोलणार? पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या परसातला कोबी आम्ही खाल्ला आहे. तो कसा आला तेवढे सांगा." मग माझा नाइलाज झाला. मात्र कोबी कसा आला हे सांगण्याआधी तो का येत नव्हता हे सांगावे लागेल आणि त्यात माझ्याच दोन मोठ्या चुका आहेत. त्या ऐकून आपण हसलात तरी चालेल. पण त्या आपल्या हातून होऊ नयेत.

'चुना लावणे' याचा अर्थ आपणां सर्वांना ठाऊक आहे. दुकानदार गिऱ्हाइकाला लावतो, तो चुना. मी मात्र तो माझ्याच मातीला लावला आणि पुढे माझ्या लेकीच्या सासरच्या मातीलाही लावला. आज मी बोलणार आहे ते या चुन्याबद्दल.

आपली कोकणातली माती तांबडी, जांभ्याची. पाऊस धो धो पडतो. चार महिने पाणी मातीतून झिरपत राहते आणि जाताना तिच्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेते. मागे जी माती उरते ती आंबट होते. पुस्तकात तिला आम्लधर्मी म्हणतात. मी आपली घरच्या भाषेत आंबट म्हणते. माती फार आंबट झाली की तिच्यातले अ‍ॅल्युमिनियम मोकळे होते आणि मुळांना बाधते. मुळे आखूड, जाड राहतात. घातलेल्या खतातले स्फुरदही माती धरून ठेवते, झाडाला देत नाही. ताटात वाढलेले आहे, पण घास तोंडात जात नाही, अशी झाडाची गत होते.

मी 1999 साली लग्न होऊन या गावी आले, तेव्हा सासूबाईंचे परस पाहून मला अचंबा वाटला होता. वाल, चवळी, मुळा, माठ, वांगी सगळे भरघोस. खत म्हणाल तर गोठ्यातले शेण आणि चुलीतली राख. राख त्या कधी उकिरड्यावर टाकू देत नसत. भांडी घासून उरलेली राख चाळून वाफ्यावर भुरभुरायची हा त्यांचा नेम. मला वाटे, किडीसाठी टाकत असतील.

2009 साली आमच्याकडे गॅस आला. पुढे न्हाणीत विजेचा हीटर आला. डोळ्यांचा धूर गेला, जीव सुखावला. पण तीन-चार वर्षांत परस उतरत चालले. पालक वीतभर होऊन पिवळा पडे. कोबीचा गड्डा धरेचना. वालाला शेंग कमी. मी शेणखत वाढवले, दुकानातून खताची पिशवी आणली, तरी फरक नाही. सासूबाई तेव्हा थकल्या होत्या, पडवीत बसून असत. एकदा म्हणाल्या, "अगो, राख कुठे टाकतेस हल्ली?" मी म्हटले, "आई, आता चूलच कुठे पेटते?" त्या गप्प बसल्या. मीही ते बोलणे तिथेच सोडले. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे अर्धे बोलणे आपण असेच सोडून देतो.

2014 साली दिवाळीआधी घराला सफेदी केली. पाच-सहा किलो कळीचा चुना उरला. कुणीतरी सांगितले होते की आपल्या मातीला चुना मानवतो. ऐकीव गोष्ट, पण मला ती पटली. मी ते खडे बडवण्याने फोडून पूड केली. कोबीची आणि टोमॅटोची रोपे नुकतीच लावली होती. त्यांच्या बुंध्याशी मूठमूठ पूड टाकली आणि वरून झारीने पाणी घातले.

भगिनींनो, त्यानंतर जे झाले ते मी विसरणार नाही. मातीतून चरचर आवाज येऊ लागला, वाफ निघाली. सकाळी पाहते तो रोपांचे बुंधे भाजून काळे पडलेले आणि गांडुळे वर येऊन मेलेली. माझ्या हातांची कातडी सोलली. पण ती गोष्ट किरकोळ. पूड करताना वाऱ्याने थोडी उडाली होती, ती माझ्या सहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांत गेली. तो ओरडत डोळे चोळू लागला. आम्ही त्याचे डोळे तांब्यामागून तांब्या पाण्याने धूत राहिलो आणि तसेच दवाखान्यात नेले. देवाच्या दयेने डोळे वाचले. डॉक्टर म्हणाले की लगेच आणि भरपूर पाण्याने धुतलेत म्हणून वाचले. चुना डोळ्यात राहिला असता तर बुबुळ गेले असते. त्या रात्री मला झोप लागली नाही. रोपे गेली याचे दुःख नव्हते.

त्या दिवसापासून चुना म्हणजे काय हे समजून घ्यायचे मी मनावर घेतले. कृषी खात्याच्या एका साहेबांना विचारले, मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकांतून वाचले. जे उमगले ते आता सांगते.

चुना एक नव्हे, अनेक प्रकारचा आहे. पहिली चुनखडी. हा डोंगरातला दगड. तो नुसता दळला की चुनखडीची पूड होते. ही सौम्य. हातात घेतली तरी भाजत नाही. मातीत ती सावकाश, दोन-तीन महिन्यांत काम करू लागते आणि पुढे बराच काळ टिकते. जितकी बारीक तितकी लवकर लागू पडते. मैद्यासारखी पूड यंदा गुण देते, जाड रव्यासारखी असेल तर वर्षानुवर्षे पडून राहते.

हाच दगड भट्टीत भाजला की कळीचा चुना होतो. हा सर्वांत तिखट. पाणी दिसले की तापतो, उकळतो. मी वाफ्यात टाकला तो हाच. याची जागा भिंतीवर, आणि तीही विरवल्यानंतर. परसात याचे काम नाही.

कळीचा चुना पाण्यात विरवला की विरलेला चुना होतो. आपण विड्याला लावतो तो हाच. कळीच्या चुन्याइतका दाहक नसला तरी सौम्यही नव्हे. मातीत तो लवकर काम करतो, पण जास्त झाला तर मुळे भाजतो. किनाऱ्यावर शिंपले भाजून जो चुना करीत, तोही भाजून विरवला की याच जातीचा होतो. न भाजता नुसते कुटलेले शिंपले मात्र चुनखडीच्या जातीचे, सौम्य. अंड्यांची टरफलेही त्यातलीच. पण ती अगदी बारीक वाटली तरच उपयोग, नाहीतर वर्षभर तशीच दिसतात.

चौथा प्रकार डोलोमाइट. हाही दळलेला दगडच, पण त्यात कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियमही असते. आपल्या पावसाने दोन्ही धुऊन जातात, म्हणून जिथे मॅग्नेशियम कमी पडले असेल तिथे डोलोमाइट घ्यावा. त्याची खूण अशी की झाडाची खालची, जुनी पाने शिरांच्या मधे पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. खालची, जुनी पाने हे शब्द ध्यानात ठेवा. मी पुढे चुकले ते इथेच.

आणखी एक पांढरी पूड पिशवीतून मिळते, ती जिप्सम. पुष्कळ जणी तिला चुना समजतात. तिच्यात कॅल्शियम आहे खरे, पण मातीचा आंबटपणा ती कमी करीत नाही. तिचे काम चोपण जमिनीत. आंबट मातीसाठी जिप्सम आणलेत तर पैसे फुकट गेले म्हणून समजा. ओळखायची रीत स्वयंपाकघरातलीच आहे. चिमूटभर पुडीवर लिंबाचा रस पिळा. चुनखडी असेल तर फसफसते. डोलोमाइट संथपणे, बारीक बुडबुडे सोडतो. जिप्समवर काहीच होत नाही.

आता मापाचे. एक किलो शुद्ध चुनखडी जेवढा आंबटपणा मारते, तेवढाच सुमारे पाऊण किलो विरलेला चुना मारतो आणि अर्ध्या किलोहून थोडा अधिक कळीचा चुना मारतो. म्हणजे चुन्याची जात बदलली की माप बदलते. शेजारणीने 'दोन ओंजळी टाक' म्हटले, तर आधी विचारा, कसल्या चुन्याच्या?

पण या सगळ्याच्याही आधी एक प्रश्न आहे. आपल्या मातीला चुना हवा आहे का? तो अंदाजाने सुटत नाही. माती तपासून घ्यावी लागते. परसात पाच-सहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा घ्यावा, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडून एकत्र करावी, सावलीत सुकवावी आणि त्यातली अर्धा किलो स्वच्छ पिशवीत भरून द्यावी. खताच्या जुन्या पिशवीत भरू नये. मृद आरोग्य पत्रिकेची योजना 2015 साली सुरू झाली. 2016 साली मी आमच्या मातीची तपासणी करवली. त्या कागदावर 'सामू' म्हणून एक आकडा असतो. सात म्हणजे ना आंबट ना खारट. बहुतेक भाज्यांना सहा ते सात मानवतो. आमचा आला 5.2. एका आकड्याचा फरक थोडका वाटतो, पण पाच म्हणजे सहाच्या दहापट आंबट, हे साहेबांनी समजावले तेव्हा माझे डोळे उघडले.

आणि मग त्यांनी विचारले, "पूर्वी काय घालत होतात?" मी म्हटले, "चुलीतली राख." ते हसले. लाकडाच्या राखेत चुनाच असतो, शिवाय पालाशही. सासूबाई चाळीस वर्षे दर आठवड्याला मातीला थोडा थोडा चुना देत होत्या. चूल विझली आणि मातीचे ते औषध बंद झाले. घरी येऊन मी सासूबाईंना हे सांगितले. त्या एवढेच म्हणाल्या, "मग मी काय विचारत होते?"

मी चुनखडीची बारीक पूड आणली. पावसाचा जोर ओसरल्यावर, भाद्रपदाच्या अखेरीस, ओल असताना, एका चौरस मीटरला पाव किलो या मापाने पसरली आणि वीतभर खोलपर्यंत मातीत मिसळली. धो धो पावसात घातली तर उतारावरून वाहून जाते, आणि कोरड्या मातीत घातली तर नुसती पडून राहते. शेणखत त्याच दिवशी घातले नाही. तीन आठवड्यांनी घातले. ताजे शेण किंवा युरियासारखे खत आणि चुना एकत्र आले की त्यातले नत्र वायू होऊन उडून जाते, उग्र वास येतो तो त्याचाच. सुपर फॉस्फेटही चुन्याबरोबर घालू नये. चुना हे काही खत नव्हे. खताचा घास झाडाच्या तोंडात जाईल एवढीच सोय तो करतो. पहिल्या वर्षी थोडा फरक पडला. दुसऱ्या वर्षी कोबीने गड्डा धरला. दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासले तेव्हा सामू 6.1 आला. मग मी चुना थांबवला. अननसाची चार झाडे कुंपणाशी आहेत, त्यांना आंबट मातीच आवडते, म्हणून तिकडे चुन्याचा कणही जाऊ दिला नाही.

इथे माझे भाषण संपले असते तर बरे झाले असते. पण दुसरी चूक सांगायची राहिली आहे.

2022 साली माझी थोरली लेक सोलापूर जिल्ह्यात दिली. माणसे चांगली, शेतीवाडी असलेली. अंगणात लिंबाचे एक झाड होते, ते तिच्या सासऱ्यांनी लावलेले. ते लग्नाआधीच वारले होते, म्हणून त्या झाडावर विहीणबाईंचा फार जीव. पुढल्या वर्षी लेकीचा फोन आला. "आई, लिंबाची पाने पिवळी पडताहेत, शिरा तेवढ्या हिरव्या आहेत. काय करू?" मी तेव्हा गावात चुन्याची जाणकार म्हणून मिरवत होते. मला वाटले, ओळखीचेच दुखणे आहे. दिवाळीला ती आली तेव्हा दोन किलो पूड तिच्या पिशवीत बांधून दिली. तिने नेऊन घातली. महिन्याने फोन, "आई, जास्तच पिवळे झाले." मी म्हटले, "कमी पडला असेल, आणखी घाल." तिने बिचारीने बाजारातून विरलेला चुना आणून बुंध्याभोवती घातला. आईचा शब्द ना!

झाडाची पाने गळू लागली. बहर गळाला. एक फांदी वाळली. विहीणबाई लेकीला एक शब्द बोलल्या नाहीत. पण रोज सकाळी झाडाजवळ उभ्या राहत, असे लेक फोनवर सांगे आणि रडे. बोलल्या असत्या तर बरे, असे तिला वाटे.

मी पिवळी पाने ऐकली, पण कोणती पाने हे विचारले नव्हते. पिवळी पडत होती ती वरची, कोवळी पाने. खालची जुनी पिवळी पडणे आणि वरची कोवळी पिवळी पडणे ही दोन वेगळी दुखणी आहेत. कोवळी पाने अशी पिवळी पडली तर बहुधा झाडाला लोह मिळत नसते. आणि मातीत चुना फार असला की लोह मातीत असूनही झाडाला घेता येत नाही. तिकडची माती काळी. तिथे पाऊस थोडा, त्यामुळे चुना धुऊन जात नाही, उलट साठतो. म्हणजे जे झाड चुन्याने आजारी होते त्याला मी आणखी चुना पाजला होता.

मी एस.टी.ने तिकडे गेले. विहीणबाईंसमोर उभी राहिले आणि म्हटले, "ताई, पोरीची चूक नाही, माझी आहे. तिने आईचे ऐकले." त्यांनी मला अंगणात नेले, बाजूच्या खणलेल्या चरातले एक ढेकूळ उचलून दाखवले. त्यात पांढरे खडे होते. म्हणाल्या, "ताई, आमच्या मातीत दोन हातांवर चुनखडच लागतं. तुमच्याकडं पावसानं चुना वाहून नेला, आमच्याकडं तो मुक्कामालाच आहे." आणि हसल्या. मला मात्र डोळ्यांतले पाणी आवरेना. त्या ढेकळावर मी लिंबाचे चार थेंब पिळले. फसफसून फेस आला. दोन थेंबांचे काम. ते लेकीला फोनवर सांगितले असते तर एवढे रामायण झाले नसते. मात्र एक ध्यानात ठेवा: फेस आला तर चुना नको, हे नक्की, पण फेस आला नाही म्हणजे चुना हवाच, असे नव्हे. त्यासाठी तपासणीच हवी.

आम्ही दोघी विहिणींनी मिळून बुंध्याभोवतीची पांढरी झालेली माती हलकेच खरवडून काढली, कुजलेले शेणखत घातले, पालापाचोळा पसरला. तिथल्या कृषी खात्याच्या माणसाने सांगितलेल्या मापाने हिराकशीचे पाणी नव्या पालवीवर फवारले. पुढची पालवी हिरवी आली. वाळलेली फांदी मात्र परत आली नाही. ती कापावी लागली. झाड आज उभे आहे, लिंबे देते. विहीणबाई दर वर्षी लोणच्याची एक बरणी मला पाठवतात. ती उघडताना मला दर वेळी ती फांदी आठवते.

भगिनींनो, लेक सासरी जाते तेव्हा आपण तिला पापड, कुरडया, मसाले बांधून देतो. तसाच आपला अनुभवही बांधून देतो. मसाला कुठेही चालतो, पण अनुभव हा मातीत वाढलेला असतो. माझ्या परसात जे औषध ठरले, ते तिच्या अंगणात विष ठरले. चुना तोच, हात मायेचेच. माती तेवढी निराळी. म्हणून लेकीला सल्ला देण्याआधी आता मी विचारते, तुमच्याकडे कसे आहे ते आधी सांग.

विड्याचेच पाहा ना. चुना कमी पडला तर रंग चढत नाही, जास्त झाला तर तोंड भाजते. आणि ज्याच्या तोंडाची साल आधीच गेली आहे त्याला कुणी चुन्याचा विडा देत नाही. मातीचेही तसेच. आधी माती तपासा. चुना हवाच असला तर सौम्य, दळलेला दगडाचा घ्या. मॅग्नेशियम कमी असेल तर डोलोमाइट घ्या. मापाने घाला, खतापासून लांब ठेवा, आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासल्याखेरीज पुन्हा घालू नका. नाका-डोळ्यांना फडके बांधा आणि मुले जवळ नाहीत ना ते पाहा. ज्यांच्या घरी अजून चूल पेटते त्यांनी लाकडाची राख जपावी, पण तीही चिमटीने. आणि ती दगडी कोळशाची नसावी.

माझ्या सासूबाई आता नाहीत. पण परसात राखेचा त्यांचा जुना डबा मी तसाच ठेवला आहे. आता त्यात चुनखडीची पूड असते. कुणाला हवी असेल तर ओंजळभर जरूर न्यावी; मात्र येताना आपली मातीची चिठ्ठी घेऊन यावी. तिच्याशिवाय मी कुणाला देत नाही, पोटच्या लेकीलाही नाही.